ट्रायकोडर्मा सोडूनही आल्याची कंदकुज का थांबली नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातला दीड एकर आल्याचा प्लॉट, माहीम जात, मध्यम काळी जमीन, मे महिन्यातली लागण. जुलैच्या झडीनंतर खोलगट बाजूचे गड्डे पिवळे पडून बसायला लागले. तेव्हा एकरी २ किलो ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीवर जगणारी उपयोगी बुरशी) ठिबकमधून सोडला. चार दिवसांत फरक दिसेना, म्हणून कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांच्या मिश्रणाची आळवणी केली, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओतले. कुज पुढे सरकतच राहिली. आता विचारणा दोन गोष्टींची आहे: पाकीट डुप्लिकेट होते का, आणि डोस दुप्पट करू का?

पाकीट खराब असू शकते, ते तपासायची रीत पुढे सांगतो. पण अगदी चांगला ट्रायकोडर्मा असता तरी या क्रमाने वापरल्यावर निकाल बहुधा हाच आला असता. त्यामुळे डोस दुप्पट करण्यात अर्थ नाही. ही बुरशी रोग येण्याआधी मुळांभोवती वस्तीला असावी लागते. कुज सुरू झाल्यावर ती सोडणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कुत्र्याचे पिल्लू विकत आणणे.

आधी रोग कोणता ते ठरवा, कारण बांधावर सगळ्यालाच कंदकुज म्हणतात. पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारी मऊ कुज असेल तर खालच्या पानांचे शेंडे आणि कडा पिवळ्या पडत जातात, खोडाचा जमिनीलगतचा भाग पाणी मुरल्यासारखा होतो आणि फुटवा हलका ओढला तरी हातात येतो. गड्डा दाबला की लगदा, वर घाण वास. फ्युजेरियम या बुरशीची मर सावकाश चालते. झाड खुरटते, पिवळे पडते, पण फुटवा सहजासहजी उपटत नाही. गड्डा आडवा कापला तर आत तपकिरी छटा दिसते आणि कुज कोरडी असते. तिसरी शक्यता जिवाणूजन्य मर, म्हणजे राल्स्टोनिया. यात पाने हिरवी असतानाच गुंडाळून लोंबायला लागतात आणि अख्खा गड्डा काही दिवसांत जातो.

जिवाणूची खात्री शेतातच होते. आजारी फुटव्याचा बुंध्याजवळचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार चाकूने कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचे कापलेले टोक पाण्यात टेकवून न हलवता पाच-दहा मिनिटे धरा. दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर तो राल्स्टोनिया. मग ट्रायकोडर्मा विसरा. त्याचा हल्ला बुरशीच्या धाग्यांवर असतो, खोडाच्या आत वाढणाऱ्या जिवाणूपर्यंत तो पोहोचत नाही. तुमच्या प्लॉटवर आधी टोमॅटो होता असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या सगळ्यांवर राल्स्टोनिया जगतो.

आणखी एक, कुजका गड्डा फोडून बघा. आत बारीक पांढरट अळ्या असतील तर कंदमाशीही लागलेली आहे. ती बहुतेक वेळा कुजलेल्या गड्ड्यावर मागाहून येते, पण कुज वाढवते.

खोलगट भाग, झडीचा पाऊस, फुटवे हातात येणे, हे तुम्ही केलेले वर्णन पिथियमकडे बोट दाखवते. पुढचे सगळे तेच धरून लिहितो. ग्लासातली तपासणी वेगळे सांगत असेल तर मात्र शेवटचे दोन परिच्छेदच तुमच्या कामाचे.

आता चार दिवसांनी केलेल्या आळवणीबद्दल. यातला मॅन्कोझेब स्पर्शजन्य आहे, तो पिथियमला थोडाफार अडवतो. कार्बेन्डाझिमचा मात्र पिथियमवर परिणामच होत नाही. पिथियम खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि कार्बेन्डाझिम पेशीत ज्या ठिकाणी काम करते ती जागा त्याच्यात या औषधाला दाद देत नाही. ट्रायकोडर्मा मात्र कार्बेन्डाझिमला फार नाजूक आहे. थोडक्यात, तुम्ही राखणदार सोडला आणि चौथ्या दिवशी त्यालाच मारणारे औषध दिले, चोर होता तिथेच राहिला. थायोफेनेट मिथाईल वापरले असते तरी हेच, कारण जमिनीत त्याचे कार्बेन्डाझिमच होते. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही ट्रायझोल औषधेही ट्रायकोडर्माला मानवत नाहीत. उलट पिथियमवर चालणारे मेटॅलॅक्झिल ट्रायकोडर्माला फारसा धक्का लावत नाही. मॅन्कोझेब आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड मधल्या गटातली: प्रमाण जास्त झाले तर वाढ दाबतात, म्हणून मध्ये किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. कार्बेन्डाझिम जमिनीत बराच काळ टिकते, त्यानंतर महिनाभर तरी ट्रायकोडर्मावर पैसे घालू नका.

एवढे करूनही कोणी विचारेल की निदान ते चार दिवस तरी त्याने काही केले असेल ना? इथे हिशेब मांडायला हवा. टाल्क पावडरमधल्या ट्रायकोडर्माच्या पाकिटावर साधारणपणे ग्रॅमला २० लाख बीजाणू लिहिलेले असतात, नोंदणीचे किमान प्रमाणही तेच. २ किलोत झाले ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर अंदाजे ८ लाख किलो भरतो, म्हणजे ८० कोटी ग्रॅम. भागाकार केला की मातीच्या ग्रॅममागे उरतात ५ बीजाणू. ठिबकमधून सोडल्याने तो ओल्या पट्ट्यापुरताच पसरला, तेव्हा हा आकडा काही पटींनी वाढेल हे मान्य. तरी मुळांभोवती दबदबा ठेवायला ग्रॅममागे हजारोंच्या संख्येत वस्ती लागते. बीजाणू जमिनीत टाकले की आपोआप वाढतील, हे तिथे खायला असेल तरच खरे. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आणि सामू (पीएच) आठच्या आसपास, तिथे ट्रायकोडर्मा कसाबसा टिकतो. त्याला किंचित आम्लधर्मी जमीन, २५ ते ३० अंश तापमान आणि वापसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती, लागते.

वापसा हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. ट्रायकोडर्माला हवा लागते. पाणी साचलेल्या बेडमध्ये तो निपचित पडून राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी पिथियमचे पोहणारे बीजाणू साचलेल्या पाण्यातून एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जात असतात. म्हणून चर न काढता केलेली कोणतीही आळवणी, जैविक असो की रासायनिक, अर्धी वाया जाते.

मग ही बुरशी काम करते तरी कशी? रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच दाखवले होते की ट्रायकोडर्मा दुसऱ्या रोगकारक बुरशीच्या धाग्यांवर चढून त्यांना खातो. तो शत्रूच्या धाग्याला विळखा घालतो, कायटिनेज, ग्लुकॅनेज अशी विकरे सोडून त्याची भिंत विरघळवतो आणि आत शिरतो. पिथियमच्या भिंतीत सेल्युलोज असते, तेही ट्रायकोडर्मा पचवू शकतो. पण शेतात माझा भर त्याच्या दुसऱ्या गुणावर असतो: मुळांभोवतीची जागा आणि अन्न तो आधी बळकावतो, आणि पिकाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. या दोन्ही गोष्टींना आठवडे लागतात. झाड पिवळे पडल्यावर ती वेळ संपलेली असते.

पाकिटाची तपासणी आता. लेबलवर नोंदणी क्रमांक, बुरशीचे नाव आणि स्ट्रेन (उपप्रकार), बीजाणूंची संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आहे का बघा. विरिडी लिहिले आहे की हर्जियानम की अस्पेरेलम, यावर फार डोके घालू नका. विरिडी नावाने विकले गेलेले कित्येक स्ट्रेन बारकाईने तपासल्यावर अस्पेरेलम निघाले आहेत. दुकानदाराने माल कुठे ठेवला होता हे जास्त महत्त्वाचे. उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेले पाकीट मुदतीत असले तरी मेलेले असू शकते.

घरी तपासायचे असेल तर मूठभर तांदूळ अर्धकच्चा शिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, गार करा. उकळत्या पाण्याने धुतलेल्या दोन स्टीलच्या डब्यांत निम्मा-निम्मा घाला. एकात चिमूटभर पावडर मिसळा, दुसरा तसाच ठेवा. झाकणे सैल ठेवून दोन्ही सावलीत ठेवा. तिसऱ्या दिवसापर्यंत भातावर पांढरी कापसासारखी वाढ आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्यावर गर्द हिरव्या गाठी आल्या तर बुरशी जिवंत आहे. ट्रायकोडर्माच्या काही स्ट्रेनना खोबऱ्यासारखा गोडसर वास येतो, तो आला तर आणखी बरे. काळी किंवा पिवळी बुरशी, आंबट वास, चिकट पाणी सुटलेले, म्हणजे भेसळ किंवा मेलेला माल. पावडर न घातलेल्या डब्यातही तसेच हिरवे आले तर तुमची तपासणीच अस्वच्छ झाली, पुन्हा करा. या प्रयोगातून संख्या कळत नाही, फक्त जिवंत की मेलेला एवढे कळते.

पुढच्या लागणीला काय करायचे, ते क्रमाने सांगतो. प्रमाण एका एकराचे.

पाया शेणखताचा. चांगले कुजलेले, गार झालेले, चाळलेले शेणखत ४०० किलो, निंबोळी पेंड ४० किलो आणि ट्रायकोडर्मा ४ किलो. ताजे शेण किंवा न कुजलेले कोंबडखत घेतले तर त्यातली उष्णता आणि अमोनिया बुरशीला मारतात. सगळे पसरून थरांवर पावडर टाका, पाणी शिंपडत मिसळा. ओल इतकी हवी की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढीग सावलीत, दीड फुटापेक्षा उंच नको, नाहीतर आतून तापतो. ओल्या गोणपाटाने झाका. प्लॅस्टिकने घट्ट झाकलेला ढीग गुदमरतो आणि आंबतो. दर तीन-चार दिवसांनी खाली-वर करा, सुकत असेल तर पाणी शिंपडा. बारा ते पंधरा दिवसांत ढिगाच्या पृष्ठभागावर पांढरट-हिरवट वाढ दिसते. पावडर आणि खत हाताळताना नाकातोंडावर फडके किंवा मास्क असावा, बीजाणूंची धूळ फुप्फुसात जाणे बरे नव्हे.

पुन्हा तोच भागाकार करून बघा. ४ किलो पावडर ४०० किलो खतात मिसळली तर पहिल्याच दिवशी ग्रॅममागे २० हजार बीजाणू होतात, आणि पंधरा दिवसांत ते वाढतात. हे खत फेकून पसरायचे नाही. लागणीच्या वेळी बेडवरच्या सरीत, बेण्याच्या खाली आणि भोवती मूठ-मूठ टाकायचे. मुळे फुटतील ती थेट या वस्तीतच फुटतील. एकरभर विस्कटले की परत पाचच्या हिशेबावर येतो आपण.

गुळाच्या पाण्यात २०० लिटरच्या टाकीत ट्रायकोडर्मा वाढवण्याची पद्धत सध्या फार चालते. ती मी सुचवत नाही. उघड्या टाकीत गूळ टाकला की यीस्ट आणि जिवाणू ट्रायकोडर्मापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. आठव्या दिवशी पाणी फेसाळते, लोकांना वाटते कल्चर तयार झाले. बहुतेक वेळा ती नुसती आंबवण असते.

बेड तयार करताना उन्हाळा हाताशी असेल तर एप्रिल-मेमध्ये ओल्या बेडवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक पसरून कडा मातीने बंद करा आणि सुमारे चाळीस दिवस तापू द्या. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे, काळ्याखाली माती तितकी तापत नाही. वरच्या थरातले पिथियम, सूत्रकृमी आणि तणांचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. त्यानंतर जमीन काही दिवस रिकामी असते, आणि त्या रिकाम्या जागेत ट्रायकोडर्माचे खत गेले तर तो आरामात बसतो. पाणी आणि प्लॅस्टिकचा खर्च परवडत नसेल तर निदान रोग आलेल्या बाजूचे बेड तरी असे तापवा. लागण लवकर करायची असेल तर हे जमणार नाही, तो निर्णय तुमचा.

बेण्यातून रोग येतो तो कोणत्याही बुरशीने थांबत नाही. निरोगी प्लॉटचेच बेणे घ्या, मऊ, सुरकुतलेले, आतून तपकिरी निघणारे कांडे बाजूला काढा. लागणीआधी कार्बेन्डाझिममध्ये बेणे बुडवायची पद्धत सर्रास आहे आणि फ्युजेरियमसाठी ती चुकीची नाही. पण ती केली तर त्याच बेण्यावर ट्रायकोडर्मा चोळण्यात अर्थ नाही. मग तो फक्त खतातून द्या. पिथियमचीच भीती जास्त असेल तर मॅन्कोझेब ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. रासायनिक काहीच वापरायचे नसेल तर ट्रायकोडर्मा १० ग्रॅम प्रति लिटर पाण्यात अर्धा तास ठेवा आणि ओलसर असतानाच लावा.

दुसरा हप्ता उगवण पूर्ण झाल्यावर, लागणीनंतर साधारण दीड महिन्याने, आणि तिसरा भर लावताना, म्हणजे गड्ड्यांना माती चढवताना. भर लावताना खतात वाढवलेलाच द्या, कारण तेव्हा माती हलवून गड्ड्याजवळ जातेच, आणि या उटाळणीत (माती हलवण्यात) तुटलेल्या मुळांच्या जखमांवरच पिथियम टपलेला असतो. ठिबकमधून द्यायचा असेल तर टाल्कची पावडर टाळा. ती ड्रिपर बुजवते. द्रवरूप ट्रायकोडर्मा घ्या, किंवा पावडर रात्रभर पाण्यात भिजवून दुहेरी फडक्याने गाळून घ्या. संध्याकाळी सोडा, आधी थोडे साधे पाणी, मग ट्रायकोडर्मा, शेवटी पुन्हा साधे पाणी. त्याच व्हेंच्युरीतून (ठिबकमध्ये खत-औषध ओढून घेणारे साधन) त्याच दिवशी फॉस्फोरिक ॲसिड, क्लोरीन किंवा विद्राव्य खत नको. स्युडोमोनास आणि बॅसिलस हे उपयोगी जिवाणू चांगले आहेत, पण त्यांचे काही स्ट्रेन ट्रायकोडर्माचीच वाढ रोखतात. एकत्र पाकीट तपासून बनवलेले नसेल तर आठवड्याचे अंतर ठेवा.

शेजारी कोणाचे अळिंबीचे शेड असेल तर हे सगळे त्यापासून लांब करा, कपडे-हात धुतल्याशिवाय शेडमध्ये जाऊ नका. अळिंबी वाल्यांच्या पिशव्यांत जो हिरवा बुरा येतो, तो याच कुळातला.

आता यंदाच्या उभ्या पिकाकडे. पहिले काम कुदळीचे: खोलगट बाजूच्या बेडमधल्या चऱ्या बेडच्या तळापेक्षा खोल करून पाणी बाहेर काढा, आणि बाहेर काढताना ते निरोगी बेडमधून जाणार नाही अशी दिशा द्या. बसलेले गड्डे भोवतालच्या मातीसकट उपसून पोत्यात भरा आणि प्लॉटबाहेर खड्ड्यात पुरा. बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका, पाण्याबरोबर ते परत येतात. रिकामा खड्डा आणि भोवतालचे निरोगी दिसणारे गड्डे, चारही बाजूंनी दोन-तीन ओळींपर्यंत, मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या मिश्रणाने २.५ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणात वापशावर आळवा. लेबलवरचे पीक, प्रमाण आणि काढणीआधीचे अंतर वाचून घ्या. एकच औषध पुन्हा पुन्हा वापरले तर पिथियम मेटॅलॅक्झिलला सरावतो, म्हणून पुढची आळवणी लागलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईडची करा. आजारी पट्ट्यात वापरलेली खुरपी, कुदळ धुऊनच निरोगी भागात न्या, आणि काम नेहमी निरोगी भागाकडून आजारी भागाकडे करा. उंच बाजूच्या, अजून रोग न दिसलेल्या बेडला ट्रायकोडर्माचा उपयोग होईल, पण कार्बेन्डाझिमची आळवणी तिथेही केली असेल तर महिना थांबून, शेणखतात वाढवून द्या.

ग्लासात दुधाळ धार दिसली असेल तर औषधांवरचा खर्च लगेच थांबवा, गड्डे काढून पुरा, बाधित बेडचे पाणी तोडा आणि उरलेल्या भागातले आले पोसले असेल तर लवकर काढून विका. दोन्ही प्रकारांत या प्लॉटचे एक कांडेसुद्धा बेणे म्हणून ठेवू नका, निरोगी दिसणाऱ्या कोपऱ्यातलेही नको. त्या जमिनीत पुढची तीन-चार वर्षे आले-हळद नको, राल्स्टोनिया निघाला तर टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटाही नको. ज्वारी, मका असे पीक घ्या आणि मधल्या काळात हिरवळीचे खत गाडा.